नगरसेवक झालात, आता लोकांना कळवायचं कसं? ग्रुप, चॅनल, कागद की सभा

जानेवारी 2026 मध्ये महापालिकांचा निकाल लागला आणि दोनच दिवसांत मित्राच्या बहिणीचा फोन. ती पहिल्यांदाच निवडून आलीये, म्हणाली दादा, पोरांनी आत्ताच तीन व्हॉट्सॲप ग्रुप काढलेत, फेसबुक पेज आहेच, एक जण म्हणतो रील कर, दुसरा म्हणतो दर महिन्याला सभा घे, मी नक्की करू काय? मी 2017 ते 2022 च्या टर्ममध्ये पुण्यातल्या एका नगरसेविकेचं ऑफिस आणि मुख्य म्हणजे तिचा फोन सांभाळलाय (नाव सांगत नाही, ताई वाचत असतील तर हसतील), त्यामुळे हिला तासभर जे सांगितलं तेच इथं लिहून काढतो, कारण राज्यभर बरेच जण आत्ता याच गोंधळात असणार. पुण्यात मार्च 2022 पासून प्रशासक होता, नवी मुंबई, कोल्हापूर, संभाजीनगरला तर 2020 पासून. इतकी वर्षं लोकांना नगरसेवकच नव्हता, आता आलाय म्हटल्यावर सगळे एकदम विचारणार आहेत.

आधी एक साधा हिशेब करा. पुण्यात 41 प्रभाग आणि 165 नगरसेवक, म्हणजे एका प्रभागात चार जण (एकाच प्रभागात पाच), आणि 2011 च्या जनगणनेनं धरलं तरी एका प्रभागात सरासरी 85 हजारांच्या आसपास माणसं. व्हॉट्सॲप ग्रुपची मर्यादा 1024. म्हणजे ग्रुप अगदी खचाखच भरला तरी शंभरातला जेमतेम एक माणूस त्यात आहे, आणि तो एक कोण तर बहुतेक वेळा तुमचाच कार्यकर्ता, नाहीतर सोसायटीचा चेअरमन. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

दुसरं म्हणजे कळवायचं काय, ते आधी ठरवा. माझ्या अनुभवात नगरसेवकाच्या ऑफिसातून जाणारी माहिती तीनच प्रकारची असते. एक, "गुरुवारी पाणी बंद" प्रकारची, जी आज नाही कळली तर उपयोग शून्य. दोन, "त्या चेंबरचं काय झालं" प्रकारची, जिचा पाठपुरावा महिनोन्महिने चालतो. आणि तीन, पैशाची, म्हणजे बजेटमध्ये प्रभागाला काय आलं, स यादीतून (नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची यादी) काय काढलं, वर्गीकरणात कुठला निधी कुठं वळवला, पालिकेच्या मुख्य सभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या बैठकीत, तुम्ही कशाच्या बाजूने हात वर केला. पहिल्याला धावणारं साधन पाहिजे, दुसऱ्याला लक्षात ठेवणारं, तिसऱ्याला समजावून सांगणारं. एकच साधन तिन्ही करेल असं मला तरी पाच वर्षांत दिसलं नाही.

आता व्हॉट्सॲप ग्रुप, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. फायदा उघड आहे, फुकट आहे, लोकांच्या हातातच आहे, आणि लोक फोटो टाकतात. खड्ड्याचा फोटो, लोकेशन, दोन मिनिटांत तुमच्याकडे. आमच्या ग्रुपवर एका काकांनी पहाटे साडेपाचला फुटलेल्या पाइपलाइनचा व्हिडिओ टाकला होता, सातला व्हॉल्व्ह बंद झाला, हे दुसऱ्या कशानं झालं नसतं.

पण ग्रुपची एक रात्र सांगतो. मंगळवार, रात्री पावणेअकरा. आम्ही संध्याकाळी सहाला टाकलं होतं, गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने येईल (पुण्यातल्या माणसाला हे वाक्य पाठच असतं). त्याखाली सव्वीस जणांनी थँक्यू ताई आणि हात जोडले. मग एकानं विचारलं आमच्याकडे पण का, दुसरा म्हणाला आमच्याकडे तर आजच नाही आलं, तिसऱ्यानं टँकरवाल्यांचा विषय काढला, चौथ्यानं भटक्या कुत्र्यांचा, तिथून दोन सोसायट्यांची जुनी पार्किंगची भांडणं, आणि मध्येच कुणीतरी वाढदिवसाचा केक. दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन माणूस विचारतो, "उद्या पाणी आहे का?" मी मोजलं, त्या एका सूचनेनंतर चाळीसच्या वर मेसेज, आणि मूळ सूचना कुठल्या कुठं वर गेलेली. त्यात ताई स्वतः महिन्यातून दोनदा ग्रुप उघडायच्या, उत्तरं मीच द्यायचो, आणि लोकांना वाटायचं ताईच बोलतायत. (जाता जाता, ज्या नगरसेविकांच्या नावाने मिस्टर उत्तरं देतात त्यांनी निदान खाली आपलं नाव तरी लिहावं. पन्नास टक्के जागा महिलांना देऊन फोन मात्र घरातल्या पुरुषाच्या हातात, हे लोकांना कळत नाही असं समजू नका.)

ग्रुपमध्ये कुणी काही वेडंवाकडं टाकलं तर ॲडमिन म्हणून आपण अडकू ही भीती बऱ्याच जणांना असते. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये म्हटलंय की मेंबरनं टाकलेल्या आक्षेपार्ह पोस्टला ॲडमिन आपोआप जबाबदार ठरत नाही, त्यात दोघांचा सामायिक हेतू होता असं दिसलं पाहिजे. म्हणजे तुरुंगाची भीती कमी, डोकेदुखी आहे तेवढीच. आणि एक लक्षात घ्या, एखाद्या बाईला ग्रुपमध्ये टाकलं की तिचा नंबर हजार अनोळखी लोकांना दिसतो. आमच्याकडून दोन मुली याच कारणानं बाहेर पडल्या, त्यातल्या एकीनं मला स्वच्छ सांगितलं की कचऱ्याची तक्रार केली आणि रात्री कुणाचे तरी "हाय" यायला लागले.

चॅनल त्या मानानं शांत. भारतात व्हॉट्सॲपचं चॅनल सप्टेंबर 2023 मध्ये आलं, म्हणजे आमच्या टर्ममध्ये नव्हतंच, पण नंतर एका सोसायटी फेडरेशनसाठी मी ते वर्षभर चालवलं. फॉलोअर कितीही चालतात, कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही, ॲडमिनचाही नाही, खाली भांडण होत नाही, आणि नवीन आलेल्याला अलीकडच्या सूचना दिसतात. "उद्या पाणी आहे का" याला उत्तर म्हणून नुसती लिंक द्यायची. वाईट बाजू दोन. एक, चॅनल मुळात म्यूट असतं, घंटी प्रत्येकानं स्वतः चालू करावी लागते, आणि ते चॅटमध्ये येत नाही, अपडेट्सच्या टॅबमध्ये जातं, जिथं साठीच्या पुढची माणसं फक्त नातवाचं स्टेटस बघायला जातात. म्हणून क्यूआर कोड चिकटवून भागत नाही, शेजारी पोरगा उभा करून घंटी दाबून द्यावी लागते, आम्ही गणपतीत मांडवाबाहेर टेबल टाकून हेच केलं, दहा दिवसांत साडेचारशे लोक. दुसरी वाईट बाजू, लोकांचं तुमच्यापर्यंत येत नाही. अंगठा येतो, पोलवर मत येतं, पण चेंबरचा फोटो येत नाही. त्यासाठी वेगळा नंबर ठेवावाच लागतो.

ब्रॉडकास्ट लिस्टबद्दल एकच ओळ, एका लिस्टमध्ये 256 आणि समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नसेल तर मेसेज जातच नाही, त्यामुळे ती कार्यकर्त्यांपुरतीच ठीक.

फेसबुक, इन्स्टा, रील आणि फ्लेक्स एकाच दमात आटोपतो, कारण माझं मत वाईट आहे. त्यावर माहिती कमी आणि नगरसेवक जास्त दिसतो. फेसबुकवर सूचना टाकली की ती कुणाला कधी दिसेल याचा काही भरवसा नाही, शनिवारी लोक बुधवारची पाणीबंदी लाइक करत असतात. रील चांगली चालते पण मनपाच्या हद्दीत नाहीत अशा गावांत, परदेशातही बघतात, तुमच्या प्रभागातल्या आजी बघत नाहीत. (हो, प्रभागातून अमेरिकेत गेलेली मुलं मात्र आवर्जून बघतात आणि आईवडिलांना फोन करून सांगतात, तो एक फायदा आहे.) आणि फ्लेक्सबद्दल तर हायकोर्टानं बेकायदा होर्डिंगवरून किती वेळा झापलंय, मे 2024 मध्ये घाटकोपरला होर्डिंग पडून 17 माणसं गेली, तरी ड्रेनेजच्या झाकणाचं काम झालं की दहा बाय आठचा फ्लेक्स लागतोच, त्यात झाकण कुठंच नसतं, चार पिढ्यांचे फोटो असतात. फेसबुकचा एकच खरा उपयोग, मुख्य सभेतलं तुमचं भाषण किंवा प्रश्न तिथं ठेवायचा, म्हणजे पत्रकार आणि विरोधक दोघांनाही नंतर शोधता येतो.

आता कागद. हसू नका. छापील कागदावर माझा इतका विश्वास बसला त्याचं कारण आमचीच एक चूक. 2019 च्या उन्हाळ्यात कुणीतरी ग्रुपवर पाणीबंदीची सूचना फॉरवर्ड केली, आमच्या पोरानं न बघता ती पुढं ढकलली, मजकूर बरोबर, वार गुरुवार, पण तारीखच नव्हती, आणि ती निघाली आदल्या वर्षीची. बुधवारी रात्री तीनेकशे घरांत पिंप, बादल्या, कुकरसुद्धा भरले गेले, टाक्या रिकाम्या झाल्या, आणि गुरुवारी नळाला नेहमीसारखं पाणी. लोक आमच्यावर चिडले ते ठीक, पण पुढच्या खऱ्या बंदीच्या वेळी निम्म्या लोकांनी विश्वासच ठेवला नाही, ते जास्त वाईट झालं.

त्यानंतर मी एक नियम केला, महिन्याच्या पहिल्या सोमवारी ए फोरचा एक कागद, दोन्ही बाजूंनी, लिफ्टच्या शेजारच्या बोर्डावर, आणि लिफ्ट नसलेल्या वस्तीत किराणा दुकानात, दूध डेअरीत, पिठाच्या गिरणीत. वर मोठ्या अक्षरात तारीख आणि अंक क्रमांक. एकशे चाळीस ठिकाणं, झेरॉक्सचे साधारण पाचशे रुपये, वाटायला दोन पोरं आणि एक स्कूटर. त्यात काय असायचं? पुढच्या बाजूला "झालेलं" आणि "न झालेलं" असे दोन रकाने, मागच्या बाजूला एकच विषय समजावून. त्या न झालेल्या रकान्यातली एक नोंद मला अजून पाठ आहे:

"शाळेमागची ड्रेनेज लाइन: काम सुरू झालेलं नाही. टेंडर दोनदा काढलं, एकाच ठेकेदाराचं आलं म्हणून उघडलं नाही. तिसऱ्यांदा निघेल. पावसाळ्याआधी होईल असं आम्हाला वाटत नाही. तोपर्यंत जेटिंग मशीन दर 15 दिवसांनी, पुढची तारीख 18."

ताईंचा याला कडक विरोध होता, म्हणाल्या आपणच आपल्या नावावर अपयश छापायचं? छापलं. त्या गल्लीतले फोन त्या महिन्यात जवळजवळ बंद झाले, कारण विचारायचं ते आधीच लिहिलेलं होतं, आणि 18 तारखेला मशीन आलं नाही तेव्हा मात्र अकरा फोन आले, तेही मला नाही, थेट क्षेत्रीय कार्यालयात. मशीन दुसऱ्या दिवशी आलं.

मागच्या बाजूचे विषय म्हणजे, मिळकतकरात कुठली सवलत कुणाला, रस्त्याचा दोष दायित्व कालावधी म्हणजे काय आणि त्या मुदतीत खड्डा पडला तर ठेकेदारानं फुकट बुजवायचा असतो, नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाचा फॉर्म कुठं मिळतो (पुण्यात हे 2006 पासून आहे, आणि माझ्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना माहीत नाही), सोमवारी दुपारी 3 ते 5 कार्यालयात जाऊन फायली बघता येतात असं शासनाचं 2018 चं परिपत्रक आहे ते. पुढे 2023 मध्ये मिळकतकरातल्या 40 टक्के सवलतीसाठी पीटी 3 फॉर्मची धांदल उडाली तेव्हा ताई पदावर नव्हत्या, तरी जुन्या सवयीनं लोक लिफ्टजवळच्या बोर्डाकडे बघत होते. पेन्शनर माणसाला फोनवरची पीडीएफ नको असते, त्याला कागद लागतो, पेनानं खूण करायला. कागदाची मर्यादा अर्थात हीच की तो धावत नाही.

धावणं किती महत्त्वाचं ते 25 जुलै 2024 ला सिंहगड रोडनं बघितलं. खडकवासला धरणातून मुठा नदीत पाणी सोडलं, पहाटे एकतानगरीत घरात पाणी, आणि आम्हाला वेळेत कुणी सांगितलंच नाही ही तिथल्या लोकांची मुख्य तक्रार होती. तेव्हा पालिकेत एकही नगरसेवक पदावर नव्हता. नदीकाठचा प्रभाग असेल तर तुमच्यासाठी हा प्रश्न बाकी सगळ्याच्या आधी. तिथं चॅनलसुद्धा पुरत नाही, प्रत्येक सोसायटीच्या वॉचमनचा नंबर, आणि घंटागाडीच्या किंवा रिक्षाच्या भोंग्यावर रेकॉर्ड केलेली सूचना. छोट्या नगरपालिकांत भोंगा अजूनही सर्वांत भारी चालतो, तिथल्या मित्रांनी ॲपबिपच्या नादी लागायची गरज नाही.

राहिली सभा. कायद्यात क्षेत्रसभा 2009 पासून आहे, म्हणजे नगरसेवकानं आपल्या भागातल्या मतदारांची सभा घ्यायची, तिथून कामं सुचवायची वगैरे, खेड्यातल्या ग्रामसभेसारखं. प्रत्यक्षात किती ठिकाणी भरते ते तुम्हाला माहितीये, शहरातल्या माणसाला विचारलं तर तो हा शब्दच पहिल्यांदा ऐकतोय म्हणेल. पिंपरी चिंचवडला प्रशासकाच्या काळात 2022 मध्ये सोमवारी क्षेत्रीय कार्यालयांत जनसंवाद सभा सुरू झाल्या, त्या अधिकाऱ्यांच्या होत्या, पण एक ठरलेला वार आणि ठरलेली जागा असली की लोक येतात हे त्यातून दिसलं.

आम्ही विरंगुळा केंद्रात दर दोन महिन्यांनी घ्यायचो. पहिल्या सभेला तेवीस लोक, त्यात नऊ आपलेच. लाजच वाटली. पण त्या दिवशी कनिष्ठ अभियंता आला होता आणि त्यानं टेबलावर ड्रेनेजचा नकाशा पसरला. मागच्या चाळीतल्या एक मावशी पुढं आल्या, चष्मा सारखा करून बघितलं आणि बोट ठेवून म्हणाल्या, साहेब हे चेंबर इथं नाहीये, ते हॉटेलवाल्यानं फरशीखाली घातलंय, माझ्या लग्नाच्या वर्षी तिथं उघडं होतं. अभियंत्यानं पेन्सिलीनं खूण केली. पाच वर्षं ती लाइन का तुंबते याचं उत्तर तिथं मिळालं. ग्रुपवर मावशी नव्हत्या, त्यांच्याकडे साधा फोन होता.

सभेचा त्रास म्हणजे ती अंगावर येते. ओरडणारे तेच चार जण प्रत्येक वेळी येतात, विरोधी पॅनलचा एक माणूस फोन समोर धरून शूटिंग करतो, आणि तयारी नसेल तर "बघतो, करतो" शिवाय तोंडातून काही निघत नाही. अधिकारी आला नाही तर सभा घेऊच नका, रद्द केल्याचं सरळ सांगा. पैशाचा विषय मात्र सभेतच कळतो. वर्गीकरण काय हे कागदावर समजावून बघितलं, जमलं नाही. सभेत ताईंनी सांगितलं, समजा घरात फ्रीजसाठी पैसे बाजूला ठेवले आणि नवऱ्यानं ते गाडीच्या टायरला वापरले, आता फ्रीज कधी? बायका हसल्या आणि पुढचा प्रश्न असा आला की आपल्या प्रभागाचा फ्रीज कुठल्या कामाचा होता.

चार जणांच्या प्रभागात आणखी एक भानगड असते ती ठरवायच्या आधी सोडवा. अ, ब, क, ड, चौघांचे चार ग्रुप, एकाच नाल्याच्या सफाईचे चार मेसेज, आणि पाणीबंदीची वेळ चौघांची वेगळी. दोन पक्षांचे असतील तर बघायलाच नको. निदान पाणी, वीज, रस्ता बंद आणि पूर या चार गोष्टींपुरता चौघांचा मिळून एक चॅनल काढता आला तर लोकांवर उपकार होतील. आमच्या टर्ममध्ये जमलं नाही, दोघे तयार होते, तिसऱ्याचा प्रश्न होता वर फोटो कुणाचा.

तर मित्राच्या बहिणीला मी सांगितलं ते असं. तिचा प्रभाग अर्धा सोसायट्यांचा, अर्धा चाळी आणि वस्तीचा, हाताशी दोन पोरं, पैसा बेताचा. तिनं तिन्ही ग्रुप "फक्त ॲडमिन" वर टाकावेत आणि महिनाभरात लोकांना चॅनलवर न्यावं. तक्रारीला एक वेगळा नंबर, त्यावर सकाळी दहा ते बारा माणूस बसलेला, प्रत्येक तक्रारीला वहीत क्रमांक, आणि तो क्रमांक समोरच्याला परत. महिन्याला एक कागद, न झालेल्याच्या रकान्यासकट. दोन महिन्यांनी सभा, वार ठरलेला. सगळा प्रभाग बंगले आणि टॉवरचा असता तर मी कागद अर्धा केला असता आणि चॅनलवर जोर दिला असता. सगळा वस्तीचा असता तर उलट, चॅनल सोडून द्या, चौकातला फळा आणि भोंगा, सभा दर महिन्याला. आणि माणूस एकच असेल, पैसे नसतील, वेळ नसेल, तर फक्त कागद. तो जमला नाही तर बाकीचंही जमणार नाही.

चॅनलचं नाव स्वतःच्या नावानं ठेवू नको म्हटलं, प्रभागाच्या नावानं ठेव. यावर ती जरा गप्प झाली, मग म्हणाली कार्यकर्ते ऐकणार नाहीत दादा.

आमचा जुना ग्रुप अजून आहे. ताई माजी झाल्या, पोरं पांगली, मी दुसऱ्या नोकरीला लागलो, पण 611 मेंबर तसेच, नाव "ताई तुमच्यासोबत", त्यात आता गुड मॉर्निंग, श्रद्धांजली आणि घर भाड्याने देणे आहे. गेल्या बुधवारी रात्री सव्वानऊला एकानं विचारलं, "उद्या पाणी आहे का?" चार तास कुणी काही बोललं नाही. मी पालिकेची सूचना शोधली, तारीख दोनदा बघितली, आणि उत्तर टाकलं.